दारू सुटल्यानंतर न्यूरोफीडबॅक: गावाकडून येणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासूनची माहिती

पहिल्यांदा येणाऱ्याला एकच धास्ती असते: शॉक देतात काय? म्हणून तेवढं आधी सांगून टाकू. न्यूरोफीडबॅक म्हणजे आपल्याच मेंदूच्या लहरी पडद्यावर बघून त्यांना वळण लावायला शिकणं, आणि त्यात डोक्याला लावलेल्या तारांतून आत काहीही सोडत नाहीत. काखेत थर्मामीटर धरला म्हणून ताप चढत नाही, फक्त मोजला जातो, इथंही तसंच. मेंदूच्या कामातून कवटीच्या कातडीपर्यंत जी वीज पोचते ती मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते. यंत्र ती उचलतं, मोठी करतं आणि संगणकाच्या पडद्यावर दाखवतं. शॉकचा उपचार वेगळा, त्याची खोली वेगळी, त्याचे आजारही वेगळे.

पडद्यावरच्या लहरी वेगावरून ओळखतात. सेकंदाला 4 ते 8 वेळा हलणारी थीटा, झोपेच्या उंबरठ्यावरची. 8 ते 12 वेळा हलणारी अल्फा, डोळे मिटून निवांत बसल्यावर वर येणारी. 12 ते 15 च्या पट्ट्याला एसएमआर म्हणतात. अंग स्थिर आणि डोकं जागं असताना ती दिसते. त्यापुढची बीटा. बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या नोंदींत बीटा जास्त आणि अल्फा कमी असं पुष्कळदा सापडतं. विहिरीतलं पाणी संपल्यावरही पंप कोरडाच घरघरत राहावा, तसं त्यांचं डोकं चालू राहतं. संध्याकाळ झाली की तो पंप बंद करायचा एकच खटका त्यांना ठाऊक असतो, तो म्हणजे दारू. ती सोडली तरी घरघर राहतेच. झोप येत नाही, चिडचिड होते, एका जागी बसवत नाही. पहिल्या काही महिन्यांत पुन्हा बाटलीकडे वळायला ही अस्वस्थता पुरेशी असते, आणि न्यूरोफीडबॅकचं काम एवढ्याच तुकड्यावर आहे.

शिकवायची रीत गोऱ्ह्याला तासात चालायला शिकवण्यासारखी आहे. त्याला कोणी समजावून सांगत नाही. नीट चालला की कासरा सैल, बाहेर गेला की ओढ. इथं हवी ती लहर वाढली की टिंग वाजतं किंवा पडद्यावरची पट्टी वर सरकते. घटली की आवाज थांबतो. जोर लावून ती पट्टी वर जात नाही. पहिली तीन-चार सेशन बहुतेक जण जोरच लावतात, आणि दमून जातात.

आशा किती ठेवायची

1989 साली यूजीन पेनिस्टन आणि पॉल कुलकोस्की यांनी अमेरिकेत जुन्या पिणाऱ्या माजी सैनिकांवर अल्फा-थीटा पद्धत (पुढे दुसऱ्या टप्प्यात सांगितली आहे ती) वापरली आणि निकाल फार चांगला आल्याचं लिहिलं. पण प्रशिक्षण घेतलेले लोक होते 10. पुढे 2005 साली निवासी केंद्रातल्या 121 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांपैकी 77 टक्के लोक वर्षभरानंतरही नशेपासून दूर होते, दुसऱ्या गटात 44 टक्के. आकडे मोठे दिसतात, पण ‘पूर्ण करणाऱ्यांपैकी’ हे शब्द नीट वाचा. शिवाय खोटं मशीन लावून तुलना केलेला गट त्यात नव्हता. ते लोक केंद्रातच राहत होते आणि त्यांची 40 ते 50 सेशन झाली. रोज 60 किलोमीटर एसटीनं येणं-जाणं त्यांना नव्हतं.

म्हणून आमचं मत असं: गोळ्या, समुपदेशन, ए.ए.ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्याच गटाची) बैठक आणि घरची साथ या चार गोष्टी चालू असतील तर पाचवी म्हणून हे घ्यावं. त्या चारपैकी एकही बंद करून घेऊ नये. ‘21 दिवसांत दारू सुटेल’ असं सांगून मशीन लावणाऱ्याकडे तर फिरकूच नका.

आधी दारू उतरवा, दवाखान्यात

रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की 6 ते 8 तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो. झटके येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सगळ्यात जास्त. त्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. गावात याला ‘बाहेरचं झालं’ म्हणून अंगारा लावतात, आणि नेमके मोलाचे तास त्यातच जातात. आधी कधी झटका आला असेल, किंवा सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागत असेल, तर घरी सोडवायचा प्रयोग नको. जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग गाठा.

अशा माणसाला जवळच्या दवाखान्यात नेलं की पहिली मागणी होते सलाइनची. तिथं एक वाक्य बोलायचं: ‘डॉक्टर, ग्लुकोज लावण्याआधी बी-वनचं इंजेक्शन देणार ना?’ वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-वन, फार कमी उरलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत आणखी एक अडचण आहे: माणूस डॉक्टरलाही खरं सांगत नाही. सांगा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 प्रमाणे पेशंटची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. मोहाची किंवा हातभट्टीची किती कडक होती ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तीन गोष्टी सांगायच्या: दिवसाला किती ग्लास, पहिला घोट किती वाजता, शेवटचा कधी.

शेवटच्या घोटानंतर निदान दोन आठवडे जाऊ द्या, मगच तारा लावा. दारू उतरतानाच्या लहरी खवळलेल्या असतात, आणि त्या काळात दिलेल्या लोराझेपाम, डायझेपाम अशा गोळ्यांनी बीटा आणखी वाढतो. तेव्हा घेतलेली पहिली नोंद पुढे तुलनेला काहीच कामाची नसते. मिरगी, पूर्वी वेड्यासारखं वागल्याचा आजार, नुकताच डोक्याला मार, जीव द्यायचे विचार, यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय सुरुवात नाही.

जेवणात चोरून घालायच्या ‘दारू सोडवायच्या पुड्या’ आधी बंद करा. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून माणूस प्याला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ही गोळी पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायची असते.

कुठं विचारायचं आणि काय विचारायचं

तालुक्याला हे यंत्र मिळण्याची आशा धरू नका. सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीपासून करा. तिथली तपासणी आणि गोळ्या तरी पदरात पडतात. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा, आणि 14446 हा नशामुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक, दोन्ही फुकट. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात ‘न्यूरोफीडबॅक कोण करतं?’ असं थेट विचारा.

खासगी ठिकाणी गेलात तर भिंतीवरची चकचकीत मेंदूची रंगीत चित्रं बाजूला ठेवा आणि हे विचारा. डोक्यावर कोणत्या जागी तार लावणार? कोणता पट्टा वाढवणार, कोणता दाबणार? सेशनभर खोलीत कोण बसणार? तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, नसेल तर कोणाच्या देखरेखीखाली काम करतो? ‘मशीन आपोआप ठरवतं’ हे उत्तर आलं तर चहा घेऊन परत या.

पैशाचा हिशेब एका सेशनचा करू नका. 30 सेशनची फी, दोन माणसांचं 30 वेळचं भाडं आणि बुडालेली मजुरी, अशी बेरीज मांडा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. बेरीज झेपत नसेल तर तेच पैसे गोळ्या आणि समुपदेशनावर लावा; या क्रमात आमचा जराही किंतु नाही. कर्ज काढून तर मुळीच नको.

कपाळावर बांधायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. म्यूजसारख्या पट्टीचे सेन्सर कपाळावर आणि कानामागे असतात. श्वासाचा, ध्यानाचा सराव करायला ती ठीक आहे. पण पुढे सांगितलेलं अल्फा-थीटा डोक्याच्या मागच्या वरच्या भागावर करायचं असतं, आणि तिथं या पट्टीचा सेन्सरच नाही.

महिना निवडा

आमच्या भागात न्यूरोफीडबॅक अर्ध्यावर सुटतं ते बहुतेक वेळा शेतीमुळे. आठवड्याला दोन ते तीन सेशन पडली तरच मेंदूला वळण लागतं; आठवड्याला एकावर आलं की मागचं पुसत जातं. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की माणूस वावरातून निघत नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन. मग कापसाची वेचणी, आणि कापूस विकल्यावर हातात रोकड, म्हणजे घसरण्याचा सगळ्यात मोठा धोका. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. पूर्व विदर्भातल्या मोह पिणाऱ्याला त्या वासातच राहावं लागतं. मे महिन्यात, आणि नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर विशेष, कातडीवर घामाची धार लागते आणि यंत्रावर भलतंच काही उमटतं.

आमचा कल मधल्या जानेवारीपासून मधल्या मार्चपर्यंतच्या आठ-नऊ आठवड्यांकडे. थंडी असते, घाम नाही, वेचणी उतरणीला लागलेली. आठवड्याला तीन धरली तर 24 ते 27 सेशन होतात. पण म्हणून दारू सोडणं जानेवारीपर्यंत लांबवायचं नाही. उपचार आज, तारा जानेवारीत.

निघण्यापूर्वी

आदल्या रात्री केस शाम्पूनं धुवा, आणि सकाळी तेल लावू नका. हे सांगूनही दहातले चार जण चपचपीत डोक्यानं येतात, कारण गावाबाहेर निघताना तेल-कंगवा ही सवयच आहे. तेलाच्या थरावर पेस्ट धरत नाही आणि अर्धा तास डोकं पुसण्यातच जातो.

पोटभर जेवून येऊ नका, उपाशीही येऊ नका. चहा नेहमीचाच, नेहमीच्याच वेळी. गोळ्या ठरल्या वेळेला. ‘मशीन लागली ना आता, मंग गोया कायले घ्याच्या?’ हे वाक्य दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हमखास येतं. उत्तर ठरलेलं: गोळी डॉक्टर बंद करेल, मशीन नाही.

खर्ऱ्याचं, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याचं, वेगळं सांगावं लागेल. दारू सुटली की आमच्याकडे खर्रा दुप्पट होतो. पानठेल्यावर घोटलेली पन्नी दिवसातून पाच-सहा वेळा उघडते. सेशनच्या आधी एक तास खर्रा नको आणि तोंड धुऊन या. निकोटिनानं लहरींचा वेग बदलतो, आणि चघळून दमलेल्या जबड्याचे स्नायू इतकी वीज फेकतात की मेंदूची लहर तिच्याखाली बुडते. पण सकाळपासूनच बंद करून येऊ नका, नाहीतर तलफेनं माणूस खुर्चीत चुळबुळत राहतो. दर वेळी अंतर सारखंच, एक तास, म्हणजे आजची नोंद कालच्या नोंदीशी जुळवता येते. आणि तोंडात तीन बोटं उभी जातात का तेही पाहून घ्या. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवा. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते, आणि तो आजार कॅन्सरकडे जाऊ शकतो. तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356.

डोकं मोजणं

हा भाग तुम्हाला करायचा नाही, पण बघता आला पाहिजे. तार दोन बोटं इकडेतिकडे लागली तर प्रशिक्षण दुसऱ्याच भागाचं होतं आणि पडद्यावर ते कळतही नाही.

साधा शिंप्याचा टेप. एक टोक नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांमधल्या खोबणीत. दुसरं डोक्याच्या मागं, मान सुरू होते तिथं हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर. समजा अंतर 36 सेंटिमीटर आलं. त्याचं निम्मं 18. तिथं पेन्सिलीची खूण. आता टेप एका कानासमोरच्या खळगीतून दुसऱ्या कानासमोरच्या खळगीपर्यंत डोक्यावरून न्यायचा आणि त्याचाही मध्य काढायचा. दोन्ही मध्य जिथं छेदतात ती जागा सीझेड. तिथून मागं 36 चा पाचवा भाग, म्हणजे 7.2 सेंटिमीटर सरकलं की पीझेड. जुन्या माणसाला ‘शेंडीच्या जवळ’ म्हटलं की लगेच समजतं. अंदाजानं बोट ठेवून ‘हीच जागा’ म्हणणाऱ्याला टेप काढायला लावा.

खुणेवरचे केस कंगव्याच्या टोकानं बाजूला करतात. कापसाच्या काडीवर घासायची जेल घेऊन 10-15 सेकंद चोळतात. कातडी किंचित लाल व्हावी, सोलली जाऊ नये. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट वाटीसारख्या इलेक्ट्रोडमध्ये भरून दाबून बसवतात. पेस्ट जास्त झाली तर ती पसरते आणि एका ठिकाणाऐवजी रुपयाएवढ्या जागेची लहर मिळते. दोन्ही कानांच्या पाळ्या पुसून क्लिपा लागतात. बाळी, डूल आधी काढून ठेवा.

यंत्रावर संपर्काचा रोध दिसतो. तो 5 किलोओहमच्या खाली असावा आणि सगळ्या तारांचा जवळपास सारखा. एकीचा 3 आणि दुसरीचा 15 असेल तर जास्तवाली काढून परत चोळायची. यंत्र हे दाखवत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे: तार पीझेडवर ठेवून डोळे मिटा. बहुतेकांमध्ये सेकंद-दोन सेकंदांत अल्फा फुगते, उघडले की बसते. हान्स बर्गर यांनी 1929 साली माणसाच्या मेंदूची पहिली नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही खूण माहीत आहे. काहीच फरक दिसला नाही तर आधी तार तपासा. पेशंटची अल्फा मुळातच कमी असू शकते, हा विचार त्यानंतर.

पहिल्या दिवशी प्रशिक्षण नसतं. तीन मिनिटं डोळे उघडे, तीन मिनिटं मिटून, एवढी नोंद घेतात. हीच नोंद दहाव्या आणि विसाव्या सेशनला पुन्हा घ्यायची, त्याच वेळी, खर्रा-चहाचं तेच अंतर ठेवून. तिची छापील प्रत मागून घ्या.

पहिला टप्पा: स्थिर बसणं

पहिली 10 ते 15 सेशन सीझेडवर. 12 ते 15 चा पट्टा वाढवायचा. 4 ते 7 चा आणि 22 ते 30 चा दाबायचा. पहिला गुंगीचा, दुसरा मुख्यतः स्नायूंचा. पाच-पाच मिनिटांचे पाच-सहा तुकडे, मध्ये मिनिटभर विसावा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दात एकमेकांवर टेकवायचे नाहीत. जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवलं की जबडा आपोआप सुटतो.

आवाज साधारण 60 ते 70 टक्के वेळ वाजला पाहिजे, आणि ही मर्यादा बसवणाऱ्याच्या हातात असते. 90 टक्के वाजत असेल तर मेंदूला शिकण्यासारखं काही उरत नाही. पेशंट मात्र खूश होऊन घरी जातो. 30 टक्क्यांवर गेलं की माणूस कावतो आणि चौथ्या दिवशी येत नाही. प्रत्येक तुकड्यानंतर आकडा विचारा. विचारणारा पेशंट आवडत नसेल तर ते केंद्र बदला.

फरक कुठं दिसतो? पडद्याआधी झोपेत. सहा-आठ सेशननंतर रात्री झोप लागायला जाणारा वेळ कमी होतो, किंवा दोन वाजता उठून अंगणात फिरणं थांबतं. बारा सेशन होऊनही झोप, चिडचिड, तलफ यांत काहीच हललं नसेल तर तीच सेटिंग पुढे ओढत नेऊ नये. उलट त्या रात्री डोकं दुखलं, झोप उडाली, विनाकारण संताप आला किंवा दिवसभर सुस्ती वाटली तर दुसऱ्या दिवशी सांगा. पट्टा थोडा खाली घेतात किंवा वेळ अर्धा करतात. ‘सवय होईल’ म्हणून सोसायचं नाही.

दुसरा टप्पा: अल्फा-थीटा

आता तार पीझेडवर, डोळे मिटलेले, खुर्ची मागं कललेली. दोन आवाज असतात. अल्फा वाढली की एक, वाहत्या पाण्यासारखा. थीटा तिच्यावर चढली की दुसरा, जाड घंटेसारखा. वेळ 20 ते 30 मिनिटं. माणूस जागेपणा आणि झोप यांच्या मधल्या पट्टीत तरंगतो. सुरुवातीला समुपदेशक त्याच्याकडून एक प्रसंग डोळ्यांसमोर उभा करवून घेतो. मोघम ‘मी व्यसनमुक्त आहे’ याचा फारसा उपयोग होत नाही. मंगळवारचा बाजार, कांद्याची थैली हातात, ठेल्याजवळ उभा असलेला नेहमीचा दोस्त, त्याचं ‘चाल ना बे, एकच पव्वा’, आणि मान हलवून बसथांब्याकडे निघालेले आपले पाय. इतका बारीक हवा.

ही पट्टी नाजूक आहे. बापाचा मार, कर्जापायी कोणी घेतलेलं विष, जुनं काहीही वर येतं. माणूस ओक्साबोक्शी रडतो, कधी थरथरतो. म्हणून समुपदेशकानं एक मिनिटही खोली सोडायची नाही, आणि सेशननंतर 15 मिनिटं बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. ते बोलणं कापून पुढचा पेशंट घेतला जात असेल तर हा टप्पा तिथं करू नका. पहिला टप्पाच वाढवा. उठल्यावर तोंडावर पाणी, थोडं चालणं, आणि निदान अर्धा तास मोटरसायकल नाही.

मूळ पद्धतीत याच्याआधी बोटं गरम करण्याचा सराव होता, आणि तो घरी जवळजवळ फुकटात होतो. डिजिटल थर्मामीटरचं टोक तर्जनीच्या पेरावर चिकटपट्टीनं बांधा, दहा मिनिटं सावकाश श्वास घ्या: पाच मोजेपर्यंत आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. ताप मोजायचे काही थर्मामीटर 32 अंश सेल्सियसच्या खाली आकडाच दाखवत नाहीत, तेव्हा खोलीचं तापमान दाखवणारा वायरवाला घ्या. मन ताणलेलं असलं की बोटांच्या नळ्या आखडतात आणि बोटं गार पडतात. सैलावलं की ऊब चढते. 35 अंशांपर्यंत नेऊन तिथं टिकवायचं. हिवाळ्यात हे छान जमतं. मे महिन्यात खोलीच 42 अंशांवर असते, तेव्हा हा थर्मामीटर चंद्रपूरचं ऊन मोजतो, तुमचं मन नाही.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त त्रास देतो कूलर. भारतातली घरगुती वीज सेकंदाला 50 आवर्तनं पुरी करते आणि तीच गुणगुण तारांत शिरते. कूलरची मोटर, स्वस्त इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, भिंतीपलीकडचा पंप, सगळे गुन्हेगार. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवायचा, तारा एकत्र पीळ देऊन ठेवायच्या, मोबाइल खोलीबाहेर. लोडशेडिंग असेल तेव्हा नोंद सगळ्यात स्वच्छ येते, हा आमच्या भागाचा एकमेव फायदा. गुणगुण गाळणारं फिल्टर असतं, पण त्याच्या जिवावर ढिली तार तशीच ठेवणं म्हणजे फुटक्या बादलीला रंग देणं.

घामानं रेषा हळूहळू समुद्रासारखी वरखाली डोलते आणि यंत्र तिला मंद लहर समजतं. उपाय एकच, थंड वेळ. उन्हाळ्यातच सेशन चालू असतील तर सकाळी आठच्या आतली वेळ मागा.

झोप हा तिसरा घोटाळा, आणि तो कळत नाही. पहाटे चारला उठून, ओलित करून आलेला माणूस कललेल्या खुर्चीत पाच मिनिटांत घोरतो. थीटा वाढलेली असते, घंटा वाजत राहते, यंत्र झोपेला बक्षीस देत राहतं. म्हणून 2 ते 4 चा पट्टा दाबायला ठेवतात आणि समुपदेशक मधूनमधून ‘ऐकू येत असेल तर बोट उचला’ म्हणतो. बोट उचललं नाही तर खुर्ची सरळ.

घरची वही

शंभर पानी वही पुरे. रोज रात्री एका ओळीत: किती तास झोप, तलफ 0 ते 10 पैकी किती आणि किती वाजता, किती खर्रे, गोळी घेतली का, घरात भांडण झालं का. लिहिता येत नसेल तर पोराला सांगा, किंवा बायकोनं विचारून लिहावं. पण पोलिसासारखी चौकशी नको. वही पेशंटची आहे, त्यानं दाखवली तरच बघायची. तीन आठवड्यांत तलफेची वेळ उघडी पडते. बऱ्याच जणांची संध्याकाळी सहा ते आठ. ती वेळ माहीत झाली की श्वासाचा सराव नेमका साडेपाचला ठेवता येतो. तलफ साधारण अर्ध्या तासात उतरते, फक्त तो अर्धा तास ठेल्याजवळ काढायचा नाही.

मधेच पिणं झालं तर लपवून सेशनला येऊ नका. प्यायलेल्या डोक्याला तारा लावत नाहीत, पण ठरलेल्या वेळी केंद्रात या आणि समुपदेशकाशी बोला. एक-दोन दिवसांचं घसरणं असेल तर अंग सावरल्यावर डॉक्टरच्या परवानगीनं पहिल्या टप्प्याची दोन-तीन सेशन करून पुढे जातात. आठवडाभर चाललं असेल तर सगळं परत दवाखान्यापासून. थरथर आणि झटक्यांचा धोकाही नव्यानं.

25-30 सेशननंतर थांबतात. मग महिन्यातून एकदा, असं सहा महिने. या तारखा कॅलेंडर समोर ठेवून पक्क्या करा. पोळ्याच्या महिन्याची (ऑगस्ट किंवा सप्टेंबर) तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराच्या सकाळी मागा. त्या दिवशी आमच्याकडे गावच्या गाव पितं. केंद्राला सुटी असेल तर आदल्या दिवशी बैल सजवून, पूजा आटोपून, संध्याकाळच्या एसटीनं बहिणीच्या नाहीतर मामाच्या गावी निघा. जिथं पीत नाहीत असं एक घर आधीच विचारून ठेवलेलं असू द्या.